खरवडलेली सही

मागच्या महिन्यात नांदेडच्या एका कॉलेजात माझाच फोटो मला काचेखाली दिसला.

फोटो निवृत्तीच्या वेळचा होता, गळ्यात हार घातलेला. खाली छापलेल्या पट्टीवर लिहिलं होतं : 'चित्रकार : अज्ञात. हे चित्र लोकांपुढे आणण्याचे धाडस : श्री. दिगंबर नायगावकर.' शेजारी एक मोठा कागद पसरून ठेवला होता. त्यावरच्या रेघा एके काळी जांभळ्या होत्या. आता तो उन्हात वाळत घालून विसरलेल्या लुगड्यासारखा विटला होता. उजवीकडचा खालचा कोपरा, जिथं नावं आणि सह्या असतात, तो पार पांढरा पडला होता.

प्रदर्शन कॉमिक्सचं होतं. ते भरवणाऱ्या मुलांची म्होरकी स्नेहल नावाची एक मुलगी. तिनं माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. लहानपणापासून मुखवटेवाले, उडणारे हिरो वाचून त्या मुलांना कंटाळा आला होता. तेच शहर, तोच राक्षस, तीच मारामारी. मग त्यांना इंटरनेटवर वेगळी कॉमिक्स सापडली. कुणाच्या आजारपणाची, कुणाच्या गल्लीची, कुणाच्या बापाची. आपल्याकडे असं कुणीच काढलं नसेल का, म्हणून ती शोधत निघाली आणि जळकोट तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्यांना हा कागद मिळाला. गावानं त्यांना गोष्टही सांगितली. एका रेकॉर्डच्या साहेबानं नोकरीची पर्वा न करता हा कागद भर सभेत उघडला होता, अशी.

"काका, पण काढणारा कोण होता?" तिनं विचारलं. "गावात कुणालाच सांगता येईना. तुम्हाला तर माहीत असेल."

मी म्हणालो, "बघतो आठवून."

रिक्षा करून घरी आलो. पूर्वी केलं ते केलं, पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कुणी मागं लागलेलं नसताना, एका कोवळ्या पोरीच्या तोंडावर मी पुन्हा तेच केलं होतं. म्हणून आता लिहितो आहे. त्यांचं नाव मन्मथअप्पा हलकुडे.

अप्पा मूळचे जळकोटचे. तिथल्या बाजारपेठेत हलकुड्यांचं किराणा-भुसाराचं दुकान. तीन भावांत हे धाकटे. पोत्यांवर ओळखीसाठी नाव रंगवायचं काम त्यांच्याकडे होतं, पण अप्पा नावाशेजारी ते पोतं आणणाऱ्या माणसाचा चेहरा काढायचे. गिऱ्हाईकं माल घ्यायचं सोडून पोती बघत उभी राहू लागली. तेव्हा थोरले भाऊ म्हणाले, "ह्याला कुठं तरी नोकरीला लावा, न्हाईतर हे दुकान बसवतंय." असे ते नांदेडला आमच्या कार्यालयात ट्रेसर म्हणून आले. कार्यालय पाण्याच्या कामांचं होतं. त्याचं नाव लिहीत नाही. त्यात माझ्याशिवाय कुणाची बदनामी करण्याची माझी इच्छा नाही.

ट्रेसर म्हणजे इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं गिरवणारा माणूस. तो शाईचा कागद म्हणजे ट्रेसिंग. ती अमोनियाच्या मशीनमधून काढली की जांभळ्या रेघांच्या हव्या तितक्या प्रती निघायच्या आणि सगळ्या इमारतीत डोळ्यांतून पाणी काढणारा वास पसरायचा. त्या प्रतींना ऊन सोसत नाही. उघड्यावर ठेवल्या की रेघा उडून जातात.

अप्पा बुटके, रुंद बांध्याचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत. सर्व्हेला गेले तरी रानात एखाद्या दगडावर बसून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचे आणि तोवर सगळी जीप ताटकळायची. ट्रेसिंगवर शाई पसरू नये म्हणून कागदाला चॉकची पावडर चोळावी लागते. त्यामुळे त्यांचे हात आणि बाह्या कायम पांढऱ्या. ती पावडर आहे की विभूती, हे सांगता यायचं नाही. साहेब लोक हसायचे. अप्पा म्हणायचे, "दोन्हीचं काम एकच हाय. काळं पसरू द्यायचं न्हाई."

त्यांना एखादी गोष्ट आवडली तर ते 'चांगली' कधी म्हणत नसत. 'बसलं' म्हणायचे. नकाशा असो, शिवलेला सदरा असो की भाचीचं लग्न असो. 'बसलं' हा त्यांच्या तोंडचा सर्वांत मोठा शब्द होता आणि तो वर्षातून दोन-तीनदाच ऐकू यायचा.

आणि घडी. नकाशा कितीही मोठा असला तरी त्याची घडी फायलीच्या आकाराची आणि सहीचा कोपरा वर, हा नियम. आमच्याकडे ते काम शिपाई करायचे, पण अप्पा स्वतःच्या नकाशाला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. "घडी चुकली की गाव चुकतंय, भाऊसाहेब," असं मला सांगायचे. मी रेकॉर्ड विभागाचा प्रमुख. सगळे नकाशे माझ्या कपाटात, म्हणून मी भाऊसाहेब.

आमची मैत्री झाली ती एका चोरीमुळे. मी मुलासाठी स्टेशनवरच्या स्टॉलवरून सुपरहिरोंची कॉमिक्स घ्यायचो. मुलगा मोठा झाला, पुण्याला शिकायला गेला, तरी माझं घेणं थांबलं नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस, फायलीत लपवून, रेकॉर्ड रूमच्या कोपऱ्यात बसून उडणाऱ्या माणसांची चित्रं बघायचा. अप्पांनी एकदा नकाशा शोधताना ती फाइलच उचलली. मला वाटलं, आता दुपारच्या चहापर्यंत ही गोष्ट सगळ्या ऑफिसात होणार. अप्पांनी एवढंच विचारलं, "अजून हायत का?"

मी होते नव्हते तेवढे सगळे अंक दिले. अप्पा राहायचे उमरीला. बायको तिथं शाळेत शिक्षिका होती. रोजचं जाणं-येणं पॅसेंजरनं. आठवडाभर गाडीत वाचून त्यांनी अंक परत आणले, प्रत्येकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून.

"कसे वाटले?" मी विचारलं.

"चित्रं लई जोरात हायत," ते म्हणाले. मग थोडा वेळ पावडरीचे हात चोळत उभे राहिले. "पर भाऊसाहेब, दर अंकात शहर पडतंय. पुढच्या अंकात ते उभं कसं ऱ्हातंय? नळाची लाइन कोण जोडून राहिलंय? त्या पडलेल्या बिल्डिंगीत कुणाची तरी खोली आसंल की. ती बाई रात्रीला कुठं झोपली?"

मी हसलो. पण त्या दिवसापासून माझं ते वाचन गेलं. मारामारीच्या पानावर माझी नजर हिरोवर ठरेनाच. ती जायची मागच्या कोसळणाऱ्या इमारतीच्या बारीक बारीक खिडक्यांकडे. चित्रकारानं त्या नुसत्या चौकोनांनी भरलेल्या असायच्या. पुढचे दोन अंक मी विकत घेतले आणि अर्धवट टाकले. पंधरा वर्षांची सवय त्या माणसानं एका प्रश्नात मोडली होती. मी थोडा चिडूनच म्हणालो, मग वाचायचं तरी काय? 

आठेक दिवसांनी माझ्या टेबलावर एक घडी घातलेला नकाशा आला. मी नेहमीसारखा उघडला. पहिल्या घडीत फक्त एक जेवणाचा डबा. दुसऱ्या घडीत तोच डबा उमरी स्टेशनच्या बाकावर, शेजारी एक धोतर. मग गाडी, मग नांदेडचा फलाट. त्या फलाटावरचा बाक, तोच डबा, आता उघडा, एकट्यानं जेवणारा हात. एक घडी उघडली की एक चित्र, पुढची उघडली की आधीचं मोठं होऊन त्यातलं काहीतरी नवं दिसणार, अशी ती रचना होती. शेवटची घडी उघडली आणि चेहरा दिसला. ते आमचे निवृत्त हेडक्लार्क सोनटक्केसाहेब होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते पास काढून रोज ऑफिसच्या वेळेला नांदेडला यायचे, फलाटावर बसून डबा खायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. घरी सांगितलेलं, मला अजून कामाला बोलावतात म्हणून.

हे मला माहीत होतं. स्टॉलवर कॉमिक्स घेताना मी त्यांना कित्येकदा पाहिलं होतं. आणि त्या मोठ्या चित्रात, मागे, पुस्तकांच्या स्टॉलजवळ, हातात रंगीत अंक धरून, मान मुद्दाम दुसरीकडे वळवलेला एक माणूस होता. त्याचा चेहरा काढलेला नव्हता. गरज नव्हती. माझा चौकड्यांचा बुशकोट होता.

मी तो कागद मिटला. ना कुणी उडालं होतं, ना कुणी कुणाला वाचवलं होतं, तरी असा हादरा मला कुठल्याच हिरोनं दिला नव्हता. संध्याकाळी अप्पांना गाठलं आणि म्हणालो, हे तुम्ही काय केलंत? ते घाबरले. त्यांना वाटलं मी रागावलो. मी म्हणालो, अजून आहेत का?

ते त्याला कॉमिक्स म्हणत नसत. घडी म्हणायचे. "भाऊसाहेब, नवी घडी झाली हाय, तपासून द्या."

तपासून द्या, हे शब्दशः. नकाशाच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात : काढले, तपासले, मंजूर. अप्पा आपल्या घडीवरही त्या आखायचे. पहिल्या चौकटीत त्यांची सही. दुसरी माझ्यासाठी. तिसरी रिकामी. "मंजूर वाचणारा करंल," म्हणायचे. पहिली कच्ची प्रत माझ्याकडे यायची. मी वाचून चूक काढायची. चूक नसेल तर मूळ ट्रेसिंगवर 'तपासले'मध्ये सही करायची. माझी सही झाल्याशिवाय ते दुसरी प्रत काढत नसत.

सुरुवातीला मी थट्टेवारी सही केली. मग एकदा एका घडीतल्या म्हाताऱ्याच्या चपलांकडे बोट दाखवून म्हणालो, "अप्पा, आधीच्या चित्रात तुटलेला अंगठा उजव्या पायाचा होता, इथं डाव्या झालाय." अप्पांचा चेहरा असा उजळला की जणू मी त्यांना बढती दिली. त्यांनी अर्धं ब्लेड काढलं, शाई हळूहळू खरवडली, त्या जागी पावडर चोळली, नखाच्या पाठीनं घोटली आणि नवा अंगठा काढला. मग म्हणाले, "तुम्ही नुसते वाचत न्हाई, तपासता. मला लई दिवसांपासून आसा माणूस पाहिजे होता." त्यानंतर मी कधी वाचल्याशिवाय सही केली नाही. अशा चौदा घड्या मी तपासल्या. चौदावीच्या वेळी जे झालं ते आता सांगायचं आहे.

जळकोट तालुक्यात डोंगराच्या कडेला एका गावाजवळ साठवण तलाव व्हायचा होता. पाणी कुठवर येणार ती बुडीत रेषा नकाशावर काढायची. रेषेच्या आत ज्याचं घर, त्याला नव्या गावठाणात जागा. बाहेर ज्याचं, त्याला काही नाही. सर्व्हे झाला, रेषा ठरली. मग वरून तोंडी निरोप आला की नव्या गावठाणात जागा पुरत नाहीत, रेषा थोडी आत घ्या. तोंडी निरोपाला कागद नसतो. अप्पांनी जुनी रेघ खरवडली आणि नवी काढली. आठ घरं बाहेर पडली. तो नकाशा मी माझ्या कपाटात लावला. मला ते माहीत होतं. आमच्या मजल्यावर सगळ्यांनाच माहीत होतं.

महिनाभरानं अप्पांनी चौदावी घडी आणून दिली. त्या दिवशी ते 'तपासून द्या' म्हणाले नाहीत. नुसती ठेवून गेले.

पहिल्या घडीत एक उंबरा. दुसऱ्या घडीत तोच उंबरा, पुढं एक दगड ठेवलेला. मग दुसरा दगड, तिसरा. पाणी दर चित्रात एक बोट वर येतं आणि एक म्हातारी चूल उचलून एक पायरी वर मांडते. प्रत्येक चित्रात चौकटीच्या बाहेरून एक हात येतो, हातात पेन, आणि तो उंबऱ्याला वळसा घालून रेघ ओढतो. शेवटची घडी उघडली की तो हात मनगटापासून बाहीपर्यंत दिसतो. बाही पांढरी. सगळ्या कागदावर बोलण्याचा फुगा एकच. म्हातारी त्या हाताला म्हणते, "लेका, रेघ तुझी हाय, पाणी कुणाचं हाय?"

मी उठून अप्पांच्या टेबलाकडे गेलो. ते काम करत होते, वर बघेनात. विचारलं, हे तिनं खरंच म्हटलं? ते म्हणाले, "सोजरबाई तिचं नाव. सर्व्हेला गेलतो तवा तिच्याच दारात पाणी पिलो, भाऊसाहेब. तिला काय म्हाईत मी कोण हाय." मी तिथंच ट्रेसिंग मागून घेतली आणि 'तपासले'मध्ये सही केली. माझ्या नोकरीतली ही एकच सही मला अभिमानाची वाटली होती. ट्रेसिंग माझ्या कपाटात ठेवली. कच्ची प्रत टेबलावरच्या ट्रेमध्ये राहिली.

इथं माझी चूक झाली. ते धाडस नव्हतं, चूकच होती. दोन दिवसांनी त्या गावात सुनावणी होती. हरकती ऐकायला आमचे अधिकारी जाणार, सोबत नकाशांचा गठ्ठा घेऊन मी. निघायच्या घाईत ट्रेमधल्या सगळ्या घड्या मी एकत्र बांधल्या. आकार सारखा, घडी सारखी, कोपरा वर.

सुनावणी शाळेत होती. सतरंजीवर माणसं दाटून बसलेली. अधिकारी म्हणाले, नायगावकर, नकाशे उघडा. पहिला उघडला. जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या कंटूरच्या रेघांचं ते जाळं बघून कुणाला काही कळलं नाही, सगळे माना हलवत राहिले. दुसरा उघडला. तिसऱ्याची एक घडी उघडली आणि मला उंबरा दिसला.

मी तो कागद तिथंच मिटायला हवा होता. मी तो तसाच धरून उभा राहिलो. समोर बसलेल्या मास्तरांना वाटलं मला कागद आवरत नाही. त्यांनी दुसरं टोक धरलं आणि एकेक घडी उघडत गेले.  इतका वेळ नकाशा न कळणारी माणसं गुडघ्यावर पुढं सरकली. मास्तरांनी तो एक फुगा मोठ्यानं वाचला. मागून एक म्हातारी वाट काढत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ही माझी चौकट हाय. हितं खुट्टी तुटलेली हाय, बघा."

मग आरडाओरडा झाला. लोकांनी कागद सोडलाच नाही. फेरमोजणीचं लेखी दिल्याशिवाय साहेबांना जाऊ देणार नाही म्हणाले. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेलो नाही. गावानं मात्र वेगळंच पाहिलं होतं. ह्या माणसानं कागद आणला, स्वतः उघडला, आणि मिटला नाही.

परतताना मी एसटीत खिडकीला डोकं टेकून बसलो होतो. मुखेड गेलं, कंधार गेलं, मला कळलं नाही. डोक्यात एकच विचार होता. त्या प्रतीवर माझी सही नाही. सही फक्त ट्रेसिंगवर आहे, आणि ट्रेसिंगच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात आहे.

चौकशी लागली. बाहेरच्या जिल्ह्यातले अधिकारी येणार होते. त्यांनी मूळ ट्रेसिंग मागवली. सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या मी रेकॉर्ड रूमचं दार आतून लावलं, अर्धं ब्लेड घेतलं आणि माझी सही खरवडून काढली. निवृत्तीला नऊ वर्षं होती, मुलाचं शिक्षण व्हायचं होतं. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज सांगत नाही. सही गेली, पण ती जागा खरखरीत झाली आणि उजेडात पांढुरकी दिसू लागली. मला ते काम येत नव्हतं.

दार वाजलं. अप्पा होते. ट्रेसिंग अजून टेबलावर होती, शेजारी ब्लेड. त्यांनी कागद उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, अंगठा त्या जागेवरून फिरवला. मला वाटलं आता हा माणूस मला काहीतरी म्हणेल. शिवी देईल. मी त्यासाठी तयार होतो, खरं तर वाट बघत होतो.

"खरवडलं की पावडर लावावी लागती, भाऊसाहेब," ते म्हणाले. "न्हाईतर दिसतंय. अन् वर शाई लावली तर फुटती."

त्यांनी खिशातून पावडरीची पुरचुंडी काढली. बोटानं चोळली. नखाच्या पाठीनं घोटली, अगदी त्या म्हाताऱ्याच्या अंगठ्यासारखी, सावकाश. मग माझ्याच टेबलावरचं पेन घेऊन त्या चौकटीत सही केली. स्वतःची. काढले : म. हलकुडे. तपासले : म. हलकुडे.

"रिकामी चौकट दिसली की इचारतेत," एवढंच म्हणाले आणि कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. कोपरा वर.

चौकशीत मला विचारलं, हा कागद गठ्ठ्यात कसा गेला? मी लेखी दिलं, मला माहीत नाही. अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "रेघ माझी हाय. घडी बी माझी हाय." अप्पांची भांडारात बदली झाली. तिथं पाइप आणि सिमेंटची पोती मोजायची. पेन हातात धरायचं काम नव्हतं. त्यांनी वर्षभर पोती मोजली, मग मुदतीआधीच नोकरी सोडली. आधी उमरीला आणि बायको निवृत्त झाल्यावर जळकोटला, भावांच्या दुकानात. निरोपाचा समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी ते माझ्याकडे आले, तेरा ट्रेसिंग मागितल्या, पत्र्याच्या नळीत घालून घेऊन गेले. चौदावी चौकशीच्या फायलीत अडकली होती. ती त्यांनी मागितली नाही.

फेरमोजणी झाली. रेषा पहिल्या जागी गेली. आठही घरांना नव्या गावठाणात जागा मिळाली. कुठल्याही हिरोनं न केलेलं काम एका ट्रेसरच्या जांभळ्या कागदानं केलं, आणि श्रेय माझ्या नावावर चढत गेलं. आधी कुजबुज, मग उघड. मी नाकारलं नाही. नाकारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

मी निवृत्त झालो त्या वर्षी गावानं सत्काराला बोलावलं. मी गेलो. शाल, नारळ, फेटा. सरपंच बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, माइक माझ्या हातात आला. मला एवढंच म्हणायचं होतं की हे मी केलेलं नाही. मी म्हणालो, "मी फक्त माझं कर्तव्य केलं." पुन्हा टाळ्या. खाली उतरल्यावर सोजरबाई काठी टेकत जवळ आल्या. कानाशी म्हणाल्या, "अन् त्यो रेघ काढणारा कुठं हाय?" त्या एकट्याच माणसाला तो प्रश्न पडला होता. मी सांगितलं, त्यांना येता आलं नाही.

अप्पांना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी आजारी असल्याचं सांगितलं आणि गेलो नाही.

पण स्नेहलकडे मी पुन्हा गेलो. माझ्या कपाटातून एक घडी घेऊन. चौकशीची फाइल बंद झाल्यावर ती ट्रेसिंग मी घरी आणली होती. जाळायचा धीर झाला नाही आणि दाखवायचाही झाला नाही. तिला सगळं सांगितलं. जळकोटच्या दुकानाचा पत्ता दिला. पुतण्या म्हणतो, पत्र्याची नळी माळ्यावर आहे, कुणी उघडलेली नाही.  स्नेहलनं ट्रेसिंग खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली, 'तपासले'वरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत आधीची 'काका' म्हणणारी मुलगी नव्हती. तेही योग्यच झालं.

"पट्टीवर काय लिहू?" तिनं विचारलं.

"काढले, तपासले, दोन्हीकडे तेच नाव. आणि माझा फोटो काढून टाक."

अप्पांना मी शेवटचं पाहिलं ते त्या सत्काराच्या दिवशीच. नांदेडची गाडी जळकोटच्या स्टँडवरून होती आणि हलकुड्यांचं दुकान स्टँडसमोरच. अप्पा गादीवर बसून रद्दीच्या पुड्या करत होते. केस पांढरे झाले होते. मला बघून उठले, चहा मागवला. मी सगळं सांगायला गेलो होतो. माझ्या हातातली शाल बघून त्यांनीच विचारलं, गर्दी होती का? मी म्हणालो, होती. सोजरबाई होत्या का? होत्या.

"काय म्हणत होत्या?"

"तुम्हाला विचारत होत्या. रेघ काढणारा कुठं हाय म्हणून."

त्यांचे हात थांबले. पुडी अर्धी घडी घातलेली तशीच राहिली. रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "बसलं."

जे सांगायला गेलो होतो ते मी सांगितलं नाही. गाडी लागली तेव्हा मी शाल, नारळ आणि फेटा साखरेच्या पोत्यामागं हळूच सरकवून उठलो. वाटलं, निदान एवढं तरी त्यांच्या घरात राहील. गाडी सुटता सुटता ते रस्ता ओलांडून धावत आले, खिडकीखाली. हातात वर्तमानपत्रात बांधलेला गठ्ठा होता. इतक्या घाईतही घडी नीट घातलेली.

"भाऊसाहेब, हे तुमचं राहिलं."

"राहू द्या अप्पा, तुमच्याकडं."

"न्हाई. माझं न्हाई ते."

आवाजात राग नव्हता. हिशेब नव्हता. गठ्ठा त्यांनी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला आणि गाडी हलली. मागं वळून पाहिलं तर ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात झटकत होते. पांढरं काहीतरी उडालं. दुकानातलं पीठ असेल, किंवा विभूती. दुकानात गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं. माझ्या गाडीकडे न बघता ते तिकडे गेले.